हौदावरचा पत्रा: सोयाबीनच्या मळणीत गेलेल्या एका हाताचं प्रकरण

या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यावर एक कळशी उपडी घातलेली होती. दीडेक फूट लांबीचा, दोन्ही कडांनी खाली वाकवलेला लोखंडी पत्रा. लाल रंग उडालेला, एका बाजूला गॅस कटरनं कापल्याच्या काळ्या दातेरी खुणा. थ्रेशरवाल्याच्या, म्हणजे मळणीयंत्र भाड्यानं फिरवणाऱ्याच्या, अंगणातल्या हौदाचं झाकण म्हणून तो दोन हंगाम कामाला होता. तो पत्रा जिथे असायला हवा होता तिथे असता, तर जिचं हे प्रकरण आहे ती बाई माझ्या वकिलीच्या ऑफिसात कधी आलीच नसती.

यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं गाव. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. बाई त्याच गावात राहतात, ज्यांच्यावर दावा झाला तेही तिथेच राहतात, आणि दोन्ही घरं एकाच हातपंपावर पाणी भरतात.

ऑक्टोबर २०२१. कोजागिरी दोन दिवसांवर आली होती. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन आधीच अर्धं काळं पडलेलं. सोंगणी (कापणी) होऊन सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, लागली होती, वर ताडपत्री टाकलेली, आणि आभाळ पुन्हा भरून येत होतं. अशा दिवसांत थ्रेशरचा नंबर लागणं म्हणजे काय, हे वावर असलेल्या कुणालाही सांगायला नको. थ्रेशरवाला सकाळी पाचपासून फिरत होता. पोत्यामागे अडीचशे रुपये ठरलेले. जितकी जास्त पोती, तितका ट्रॅक्टरचा हप्ता सुटणार. या शेतात तो पोचला तेव्हा दिवस मावळला होता. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर एक बल्ब लावून काम सुरू झालं.

रीत अशी की मशीनसोबत थ्रेशरवाल्याची चार माणसं येतात. त्यातला एक तोंडाशी उभा राहून माल आत घालतो, बाकीचे पोती भरतात, कुटार (भुसा) ओढतात. सुडीवरून माल काढून मशीनपर्यंत आणून देणाऱ्या बाया मात्र शेतमालकाच्या, रोजानं सांगितलेल्या. आपल्या बाई त्यांतल्या. वय चाळीस, भूमिहीन, अडीचशे रुपये रोज. नेसत्या लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, शेतात जाणाऱ्या सगळ्या बाया घालतात तसा. उजव्या बाहीच्या मनगटावरचं बटण तुटलेलं होतं. हे बटण पुढे उलटतपासणीत चार वेळा आलं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आठच्या सुमारास डिझेल संपत आलं. माल घालणारा पोरगा कॅन घेऊन गाडीवर गेला. मशीन थांबवली नाही. थ्रेशरवाला बाईंकडे वळून म्हणाला, "बाई, जरा हात लाव ना तिकडं, पोट्टा डिझल आणाले गेला." बाई तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. पायाखाली ओलं कुटार. शेंगा दमट असल्यानं माल तोंडात अडकत होता. एक पेंढा अडकला, त्यांनी तो हातानं आत रेटला. ड्रमच्या दात्यानं आधी बाही पकडली.

ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे जोडलेलं मशीन फिरवणारा दांडा, साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ. आतला ड्रम पुलीच्या मापाप्रमाणे त्याहून वेगानं फिरतो. माणसाच्या डोक्यानं 'हात मागे घे' म्हणेपर्यंत पाव सेकंद सहज जातो. तेवढ्यात शाफ्टचे दोन फेरे होऊन गेलेले असतात. "सावध राहायला पाहिजे होतं" असं नंतर गावात जो तो म्हणाला. या यंत्रापुढे सावध राहणं म्हणजे हात आत पोचूच न देणं. आत पोचल्यावर सावधपणाला करण्यासारखं काही उरत नाही.

ड्रायव्हर सीटवर होता. आवाजात किंकाळी ऐकू गेली नाही. दुसऱ्या बाईनं त्याच्या अंगावर मातीचं ढेकूळ फेकलं तेव्हा त्यानं लिव्हर पाडला. पट्टा उतरवून, पान्यानं ड्रम उलटा फिरवून हात मोकळा केला. एकानं दुपट्टा दंडाला आवळून बांधला, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं झालं. १०८ ला फोन लागला, पण गाडी यायच्या आधीच शेतमालकानं आपल्या जीपमधून बाईंना जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथून यवतमाळला. दोन दिवसांनी कोपराखालून हात काढावा लागला.

पहिली चिठ्ठी

माझ्याकडे कागद आले ते तालुका विधी सेवा समितीमार्फत. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे अजूनही बऱ्याच गावांत माहीत नाही. बाईंनाही नव्हतं, आशाताईंनी सांगितलं म्हणून त्या आल्या.

पिशवीतला सगळ्यात वरचा कागद पहिल्या दवाखान्याचा. त्यावर दुखापतीच्या कारणासमोर लिहिलेलं: 'पडल्यामुळे'. मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी तं शुद्धीतच नोती. मालक बोलले डॉक्टरशी."

शेतमालकाचा हेतू फार काळा होता असं मला आजही वाटत नाही. पोलिसांचं लचांड नको, मशीन जप्त झाली तर उरलेलं सोयाबीन पावसात जाईल, एवढाच हिशेब असावा. पण त्या एका शब्दानं आमचे आठ महिने खाल्ले. अपघाताच्या केसमध्ये डॉक्टरला सांगितलेली पहिली हकिकत ही पुढच्या सगळ्या साक्षींपेक्षा जड भरते, कारण त्या वेळी कुणाला दाव्याची आठवणही झालेली नसते. नशीब हे की यवतमाळला एमएलसी (पोलिसांना कळवायच्या दुखापतीची) नोंद झाली आणि तिथे बाईंच्या जावेनं खरं सांगितलं: थ्रेशरमध्ये हात गेला. त्यावरून पोलिसांकडे माहिती गेली, भारतीय दंड संहितेच्या २८७ आणि ३३८ कलमांखाली गुन्हा नोंदला गेला. यंत्राबाबत हयगय करण्याचं हे कलम आता भारतीय न्याय संहितेत २८९ आहे.

घटनास्थळाचा पंचनामा झाला तो चौथ्या दिवशी. त्यात मशीनचं वर्णन एका ओळीचं: 'लाल रंगाचे मळणीयंत्र, चालू स्थितीत'. तोंडावर झाकण होतं की नव्हतं, याचा उल्लेख नाही. पंचांनाही ते वेगळं वाटलं नसणार. त्या भागात बहुतेक मशिनींची तोंडं मी तशीच उघडी पाहिली आहेत. झाकण काढून टाकल्यावर मोठा पेंढा एका दमात आत जातो, तासाला पोती वाढतात. हातानं माल घालायच्या थ्रेशरसाठी भारतीय मानक ९०२० म्हणतं की माल घालायची नाळ किमान ९०० मिलिमीटर लांब हवी आणि त्यातला ४५० मिलिमीटरचा भाग वरून झाकलेला हवा. माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचूच नये, हे त्यामागचं साधं गणित. हौदावरचा पत्रा मी टेपनं मोजला. सेहेचाळीस सेंटिमीटर भरला. कारखान्यानं तो दिलेला होता, चार बोल्टांसकट. बोल्ट गंजून निघेनात म्हणून कटर लावला, असं थ्रेशरवाल्याच्या धाकट्या भावानंच मला सहज बोलता बोलता सांगितलं. साक्षीला मात्र तो आला नाही. आमच्याकडे राहिला तो बाईंच्या भाच्यानं अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मोबाइलवर काढलेला मशीनचा फोटो, आणि मी काढलेला हौदाचा.

शंभर रुपयांचा स्टॅम्प

दिवाळीच्या आधी गावात बैठक बसली. शेतमालकानं पंचवीस हजार दिले, थ्रेशरवाल्यानं पंधरा. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं: 'सदर रक्कम मिळाली असून यापुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.' खाली बाईंचा डाव्या अंगठ्याचा ठसा, कारण उजवा उरला नव्हता.

दाव्याला उत्तर देताना विरुद्ध बाजूनं हाच कागद सगळ्यात आधी पुढे केला. आणि याच कागदावर त्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज होता. त्या वेळी लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ चं १७ वं कलम सांगतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. आठवं कलम त्याहून पुढे जातं: स्त्रीला एकरकमी भरपाई द्यायची असेल तर ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडेच जमा करावी लागते, परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. हे लिहिणाऱ्यांना गावची बैठक कशी असते याची चांगली कल्पना असावी. कुणी म्हणेल, स्त्रीला अजाण समजणारं हे कलम आहे. असेलही. पण त्या दिवशी पंधरा पुरुषांच्या मध्ये, पट्टी बांधलेल्या हातानं बसलेल्या बाईंना 'अंगठा दे' म्हटल्यावर त्यांनी काय म्हणायला हवं होतं, ते मला सुचत नाही.

कोणत्या दारानं जायचं

इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि मी घेतलेला निर्णय बरोबर होता का यावर माझं माझ्याशीच अजून एकमत नाही.

दोन वाटा होत्या. ट्रॅक्टर हे मोटार वाहन आहे. तो जागेवर उभा राहून मशीन फिरवत असला तरी ते वाहनाच्या 'वापरात' येतं, असं म्हणायला आधार आहे. सर्वोच्च न्यायालयानं शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला उत्तम मोरे (१९९१) या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात 'वापर' या शब्दाचा अर्थ बराच व्यापक केला. तिथे तर उलटून पडलेल्या टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता. ट्रॅक्टरला विमा होता. म्हणजे मोटार अपघात न्यायाधिकरणात गेलो तर पैसे विमा कंपनीकडून, आणि रक्कमही बहुधा मोठी, कारण तिथे पगाराला कमाल मर्यादा नाही, पुढे वाढू शकणारी कमाईही धरतात.

अडचणी तीन. एक, मोठी रक्कम हवी तर तिथे हयगय सिद्ध करावी लागते. दोन, विमा कंपनी हमखास म्हणणार की शेत ही सार्वजनिक जागा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं सार्वजनिक जागेचा अर्थ सैल केलेला आहे, लोकांना कोणत्याही कारणानं जाता येतं अशी जागा त्यात बसते. तरी वाद व्हायचा तो होतोच. तिसरी अडचण खरी. पॉलिसी शेतीकामापुरती होती, आणि इथे ट्रॅक्टर गावोगाव भाड्यानं फिरत होता.

दुसरी वाट १९२३ च्या कायद्याची. इथे 'चूक कोणाची' हा प्रश्न जवळजवळ नाहीच. काम करताना, कामामुळे इजा झाली का, एवढंच पाहतात. शेतमजूर यात येतात का, असं मला वकीलसुद्धा विचारतात. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ट्रॅक्टर किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीतले कामगार स्पष्ट लिहिलेले आहेत. विळ्यानं सोंगणी करताना बोट कापलं तर हा कायदा नाही, थ्रेशरवर कापलं तर आहे. आणि एका दिवसाचा रोजंदार असला तरी चालतो. 'नैमित्तिक' कामगारांना वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीनं काढून टाकले.

दोन्ही वाटांनी मात्र जाता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १६७ व्या कलमानुसार दोन्हींपैकी एकच निवडावी लागते.

मी १९२३ चा कायदा निवडला. बाईंच्या घरी दोन मुली, नवरा बैलगाडीच्या अपघातापासून कमरेनं अधू. हयगय सिद्ध करत विमा कंपनीशी उच्च न्यायालयापर्यंत झुंजणं त्यांना परवडणारं नव्हतं. पण याचा एक उलटा परिणाम आहे, तो सांगितला पाहिजे. ज्या क्षणी आम्ही म्हटलं की त्या वेळी बाई थ्रेशरवाल्याच्या कामगार होत्या, त्या क्षणी त्या ट्रॅक्टरच्या विम्याच्या दृष्टीनं 'त्रयस्थ' राहिल्या नाहीत. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत चालकासारखे ठरावीक कामगारच धरलेले असतात, थ्रेशरवर माल घालणारी बाई नाही. विमा कंपनी पहिल्याच तारखेला बाजूला झाली, आणि वसुली एका हप्त्यावाल्या माणसाच्या खिशावर आली.

धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, १९८३ नावाचा एक स्वतंत्र कायदा आहे, आणि त्याचं मुख्य लक्ष्य हेच शक्तीवर चालणारं मळणीयंत्र आहे. बनवणाऱ्यावर बंधनं, वापरणाऱ्यावर कर्तव्यं, मजुराला भरपाई, सगळं त्यात आहे. आमच्या तालुक्यात त्याखाली झालेलं काही मी पाहिलेलं नाही. युक्तिवादात मी तो वाचला. आयुक्तांनी पुस्तक मागून घेतलं आणि थोडा वेळ चाळलं.

मालक कोण

शेतमालक म्हणाला: मशीन त्याची, माणसं त्याची, मी पोत्यामागे पैसे दिले, माझा काय संबंध? थ्रेशरवाला म्हणाला: ही बाई माझ्या टोळीतली नाही, तिचा रोज मी देत नाही, "तिले तोंडाशी जायाले कोनं सांगतलं होतं?" दोघंही आपापल्या परीनं निम्मं खरं बोलत होते. पोत्यामागच्या कामात असा मधला माणूस नेहमीच सापडतो, जो कुणाचाच नसतो.

उत्तर कायद्याच्या व्याख्येतच होतं. कलम २ मध्ये 'मालक' कोण हे सांगताना म्हटलं आहे की एखाद्याचा कामगार तात्पुरता दुसऱ्याकडे कामाला दिला, तर त्या कामापुरता तो दुसरा माणूस मालक. उसना दिलेला गडी ज्याच्या वावरात, तो त्याचा. बाईंचा रोज शेतमालकाचा, पण त्या दहा मिनिटांत हुकूम थ्रेशरवाल्याचा. हुकूम झाला होता हे दाखवायला दुसऱ्या दोन बाया साक्षीला आल्या. एक तर रोज बुडवून तीन तारखांना आली. पहिल्या दोन वेळा तिची साक्ष झालीच नाही.

रोज किती, हाही प्रश्न. हजेरीचं रजिस्टर कुठून असणार? शेतमालक म्हणाला, बाई आठच दिवस आल्या, म्हणजे महिन्याचा पगार दोन हजार. बायांच्या टोळीची जी पुढारी, तिच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक बाईच्या नावापुढे रोजच्या खुणा होत्या. कोळशानं. कुणाच्या वावरात गेलो त्याचं पहिलं अक्षर आणि एक रेघ. जून ते ऑक्टोबर. आम्ही कॅलेंडरच भिंतीवरून काढून कोर्टात दाखल केलं. कलम ५ मध्ये सोय आहे की एका मालकाकडे महिना भरला नसेल तर त्या भागात तसल्याच कामाला मिळणारी कमाई धरावी. अडीचशे गुणिले सव्वीस, साडेसहा हजार.

तुटलेलं बटण

उलटतपासणीत सगळा जोर बाईंच्या हलगर्जीवर होता. बाही बांधली नव्हती का? बटण नव्हतं हे माहीत होतं का? हातानं रेटायची गरज होती का? काठी का घेतली नाही?

मोटार वाहनाच्या दाव्यात हे प्रश्न महाग पडले असते, कारण तिथे जखमी माणसाच्या चुकीचा वाटा रकमेतून वजा होतो. या कायद्यात तसं नाही. दारू प्यायलेला असणं, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट नियम मुद्दाम मोडणं, किंवा कामगारानं स्वतः जाणूनबुजून संरक्षक भाग काढून टाकणं, एवढ्याच गोष्टींनी मालक सुटू शकतो. आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर त्यांनीही नाही. बटण नसणं यात कुठेच बसत नाही. संरक्षक भाग काढला होता खरा, पण काढणारा दुसराच होता. मी फोटो पुढे ठेवला. थ्रेशरवाल्याला विचारलं, हौदावर काय आहे? तो म्हणाला, "पत्रा." कशाचा? बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मशीनचा. पन सगळेच काढतात साहेब."

त्याचं हे वाक्य त्याच्या वकिलाला आवडलं नाही. मला ते प्रामाणिक वाटलं.

अकरा सेंटिमीटर आणि चार रेघा

आता रक्कम. पहिल्या अनुसूचीत अवयवागणिक कमाईच्या क्षमतेची हानी टक्क्यांत दिलेली आहे. कोपराच्या टोकापासून ११.४३ सेंटिमीटरच्या खाली हात तुटला तर ६० टक्के, त्याच्या वर तुटला तर ७०. म्हणजे साडेचार इंच. बाईंच्या दाखल्यावर नुसतं 'कोपराखाली' लिहिलेलं. पुन्हा जिल्हा रुग्णालयात जाऊन मोजून आणायला लागलं. डॉक्टरांनी टेप लावली: तेरा सेंटिमीटर. म्हणजे साठ. दीड सेंटिमीटरसाठी सुमारे बहात्तर हजार रुपयांचा फरक पडला. अर्थात खुंट दीड सेंटिमीटर कमी उरायला हवा होता, असं तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

सूत्र असं: महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक. चाळिसाव्या वर्षाचा गुणक १८४.१७. साडेसहा हजारांचे साठ टक्के ३,९००. त्याला गुणून ७,१८,२६३. त्यातले ६० टक्के म्हणजे ४,३०,९५८. पण आमचं म्हणणं होतं की इथे हानी शंभर टक्के धरावी. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता (१९७६) या निकालात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला होता. सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यापुरती हानी पूर्ण. मग शेतमजुरीचं काय?

बाईंना विचारलं गेलं, डाव्या हातानं निंदण होतं ना? त्या म्हणाल्या, "निंदता येते साहेब. पन मंग गवत धराचं कोनत्या हातानं?"

आयुक्तांनी त्यांना कापूस वेचायला जाताना कमरेला ओटी कशी बांधतात ते दाखवायला सांगितलं. बाईंनी पदराचंच टोक घेतलं, एक टोक दातात धरलं, दुसरं डाव्या हातानं कमरेमागून आणायचा प्रयत्न केला. गाठ बसेना. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा त्यांनी पदर सावरून घेतला आणि खाली पाहिलं. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

शंभर टक्के मान्य झालं. ७,१८,२६३ रुपये, त्यावर अपघातानंतर एक महिन्यापासून वर्षाला १२ टक्के व्याज. शेतमालक सुटला. तो पूर्ण सुटायला नको होता असं माझं मत आहे. आठ वाजता अंधारात, एका बल्बवर, स्वतःच्या वावरात काम चालू ठेवायला त्याचीही संमती होती. स्टॅम्पवरचे चाळीस हजार आयुक्तांनी वजा केले नाहीत.

दरम्यान सरकारी योजनांचं म्हणाल, तर गोपीनाथ मुंडेंच्या नावाची शेतकरी अपघात योजना सातबारा असलेल्या कुटुंबांसाठी. २०२३ पासून ती सानुग्रह अनुदान म्हणून चालते, मृत्यूला दोन लाख, एक हात किंवा पाय गेला तर एक लाख. त्या सुडीजवळ उभ्या असलेल्यांत ती सातबारा असलेल्या शेतमालकाला आणि थ्रेशरवाल्याला लागू झाली असती, बाईंना नाही. बाईंचं जनधन खातं होतं, पण वर्षाला बारा रुपयांचा (आता वीस) सुरक्षा विमा त्यांनी घेतलेला नव्हता. फॉर्मवर सही करायला कुणी सांगितलंच नव्हतं.

अपिलाची भीती होती. पण या कायद्यात मालकाला अपील करायचं तर ठरलेली सगळी रक्कम आधी जमा करावी लागते, आणि तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. थ्रेशरवाल्याकडे जमा करायला नव्हतंच काही. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. तहसीलमधून नोटीस गेली, त्याच्या अडीच एकरांच्या सातबाऱ्यावर बोजा चढला. कामगारांच्या भरपाईचा स्वतंत्र विमा मिळतो, हंगामापुरता घेतला असता तर हे सगळं विमा कंपनीनं दिलं असतं, असं मी त्याला कोर्टाच्या पायऱ्यांवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे मले हप्ता घेताना शोरूमवाल्यानं काऊन नाही सांगतलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी आयुक्तांपुढे हप्ते ठरले, वर्षाला दोन, खरिपानंतर आणि रब्बीनंतर.

(२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला आहे. आता अशी केस हाती घेणाऱ्यानं कलमांचे आकडे तिथून पाहावेत. मोटार वाहनाच्या वाटेनं जायचं तर एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आली आहे, तीही लक्षात ठेवावी. १९२३ च्या कायद्यात दोन वर्षं होती.)

पहिला हप्ता जमा झाला तेव्हा आयुक्तांनी मोठा भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगितला, व्याज दर महिन्याला बाईंच्या खात्यात. बाई पासबुक घेऊन बँकेत गेल्या. तिथे नमुना ठसा उजव्या अंगठ्याचा होता, २०१५ सालचा. कारकुनानं डावा अंगठा लावून पाहिला, जुळेना. आधारवर तपासायला मशीन पुढे केली, तिनं पहिल्यांदा उजवा अंगठाच मागितला. बाईंनी शर्टाची रिकामी बाही थोडी वर केली. कारकुनानं मान हलवली, आतून नवा फॉर्म आणला, आणि मला फोन लावून विचारलं की ओळख पटवायला वकील येऊ शकतील का. मी गेलो. बाहीचं बटण आता शिवलेलं होतं.